झाकणमावशींची पेटी

झाकणमावशींना हे नाव सुनेनं ठेवलं आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं ते इमारतभर पोचवलं. कारण उघड होतं. गॅसवर उघडं भांडं दिसलं की मावशींचा जीव खालीवर व्हायचा. मग ओट्याशी सून असो की पाहुणी, मागून प्रश्न यायचाच, "झाकण कुठंय?"

जन्मभर त्यांनी गाद्या-उशा शिवल्या. दुकान बंद करून मुलाकडे राहायला आल्या त्या दाभण, दोऱ्याची रिळं आणि उरलासुरला कापूस घेऊन. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरातल्या भांडणात स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकून बसायचा. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा ओरखडा तिला दिसायचा, मग सासू किती ठळक दिसत असेल बघा.

आल्या आल्या मावशींनी घरातली सगळी बटणं ताब्यात घेतली. सून पाणी प्यायला उठली की पंखा बंद. फ्रिजचं दार उघडून विचार करत उभं राहायचं नाही. विचार आधी करा, दार मग उघडा. पाहुण्यांच्या देखतही त्या रिकाम्या खोलीतला दिवा मालवून यायच्या आणि पाहुणे बसलेल्या खोलीतल्या दिव्याकडे बघत राहायच्या. सूनही काही कमी नव्हती. मावशी अंगाला साबण लावून बसल्या असताना तिनं गीझर बंद केला आणि दाराबाहेरून गोड आवाजात सांगितलं, "आई, वीज वाचवतेय."

पण भांडणानं खरा पेट घेतला तो पेटीवरून. मावशींनी एका लाकडी खोक्याला आतून कापसाच्या छोट्या गाद्या शिवल्या आणि वर घालायला जाड दुलई केली. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी थोडा वेळ उकळायचे, पातेलं झाकणासकट पेटीत ठेवायचं, दुलई खोचायची. बाकीचं शिजणं आतल्या उबेवर, गॅसशिवाय. घरात कुकर होता, पण मावशींच्या मते तो शिट्ट्या मारून स्वतःचीच जाहिरात करायचा. सुनेनं पेटीला एकदा हात लावून पाहिला आणि म्हणाली, हरभऱ्यांना झोपवायचंय की शिजवायचंय?

वाद वाढला तसं सुनेनं नवऱ्यामार्फत फर्मान काढलं. आजच नवा सिलिंडर लावलाय. हा मागच्यापेक्षा जास्त टिकला तर पेटी राहील. नाही टिकला तर पेटी जाईल, आणि पेटीबरोबर ती शिवणारीही आपल्या लेकीकडे जाईल. मुलानं हे आईला सांगितलं ते पायातल्या बुटांकडे बघत.

लेकीच्या घराची मावशींनी धास्तीच घेतली होती. जावई खिडक्या सताड उघड्या टाकून एसी लावायचा आणि अंगावर रग ओढून बसायचा. तिथं भरदिवसा झुंबर जळायचं. तिथं मावशी आठवडाभरात झुरल्या असत्या.

म्हणून त्यांनी जे केलं ते ऐकून हसू नका. पेटीवर विश्वास होता, पण एक हरभरा जरी कच्चा निघाला तरी सून तो ताटाच्या कडेला पुराव्यासारखा मांडून ठेवील, हेही ठाऊक होतं. तेव्हा दुपारी घर रिकामं झालं की मावशी पातेलं हळूच बाहेर काढायच्या, गॅसवर एक दणदणीत उकळी द्यायच्या आणि पुन्हा पेटीत ठेवायच्या. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जायच्या.

त्याच वेळी सून दुकानातून परतायची. अर्धंकच्चं खाऊन पोट धरून बसायची तिची तयारी नव्हती. तीही पातेलं काढायची, उकळायची, परत ठेवायची.

जेवताना ताटात हरभऱ्यांचा लगदा. सून म्हणे, पेटी अन्नाची माती करते. मावशी लगदा बोटानं दाबून बघायच्या, कारण आपल्या पेटीची ताकद त्यांना माहीत होती आणि ती एवढी नक्कीच नव्हती. मग एके दिवशी त्यांची नजर दुलईवर गेली. त्या नेहमी डावी कड आधी खोचायच्या आणि उजवी तिच्यावर. इथं उजवी खाली होती. मावशींना कळायचं ते कळलं. पण बोलायची सोय होती का? बोलल्या असत्या तर स्वतःची दुपार उघडी पडली असती.

एका सकाळी चहा अर्धा उकळला आणि आच फुरफुरून विझली. मागच्याहून कितीतरी लवकर. मुलगा अंघोळीला होता.

"संपला," सून म्हणाली. हसू दाबायचे कष्टही तिनं घेतले नाहीत. "तुमची बॅग माळ्यावर आहे, आई. काढून देऊ?"

"दे. पण आधी एक सांग. मी दुलईची डावी कड आधी खोचते. रोज संध्याकाळी तिथं उजवी कशी जाते गं?"

सुनेनं कप खाली ठेवला. "आणि तुम्ही मला सांगा, सकाळी ठेवलेलं पातेलं संध्याकाळी बोट भाजतं? तुमचा कापूस एवढा हुशार नाही."

"गरम होतं हे कळत होतं, तर पुन्हा उकळायचीस कशाला?"

"आधी भीती वाटायची म्हणून. मग सिलिंडर संपावा म्हणून. तुम्ही?"

"मला इथून जावं लागू नये म्हणून," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात मुलगा डोकं पुसत बाहेर आला आणि काय झालं विचारू लागला. एकीनं खरं सांगितलं असतं तर दुसरीनंही सांगितलं असतं.

"नळी गळतेय," सून म्हणाली.

"कधीची सांगतेय याला," मावशींनी जोडून दिलं. त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी लिफ्टवाल्यावर दोघी मिळून अशा बरसल्या की बिचारा चहाविना बाहेर पडला आणि येताना नवी नळी घेऊन आला.

गळक्या नळीमुळे झालं गेलं रद्द ठरलं आणि नव्या सिलिंडरवर परीक्षा पुन्हा सुरू झाली. या खेपेला मावशींनी पेटीला जाड पट्टा शिवला, सुनेनं त्याला कुलूप आणलं. किल्ली दोघींपैकी कुणाकडेच नको. ती मुलाच्या कमरेला लटकून दिवसभर इमारतींतून वरखाली फिरायची. संध्याकाळी तो येईपर्यंत दोघी पेटीच्या दोन बाजूंना बसून एकमेकींच्या हातांवर पहारा ठेवायच्या.

पहिल्या दिवशी कुलूप निघालं. वाफ आली. हरभरे अख्खे, आणि बोटांत धरले की लोण्यासारखे. सुनेनं चावून पाहिला, बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे."

"मीठ तू घातलंस."

त्यानंतर सिलिंडर मागच्याला मागे टाकून पुढेच चालला. शेवटी गॅसवाल्याचाच फोन आला, बरेच दिवस मागणी नाही, घर बदललंत की काय?

सुनेनं ओट्याशी उभ्या सासूकडे पाहिलं. "नाही हो. इथून कुणीही हललेलं नाही," ती फोनमध्ये म्हणाली, आणि तो ठेवेपर्यंत मावशींचं बोट तिच्या पातेल्याकडे वळलं होतं.

"झाकण कुठंय?"