घुबड उंदीर खातं, पण लिहिलंय कुठं?

परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मी तेव्हा नगरच्या एका खासगी दवाखान्यात होते. शाळा कर्जतची, मराठी माध्यमाची. त्यामुळे वाचनाच्या पेपरची धास्तीच होती. लांबलचक उतारे, खाली प्रश्न आणि वर घड्याळ.

आमच्या वॉर्डातली एक सिस्टर परदेशी गेली, तेव्हा तिचे सरावाचे पेपर मला देऊन गेली. मी ते सगळे सोडवले, उत्तरं रबरानं खोडली आणि पुन्हा सोडवले. या खेपेला जवळजवळ सगळं बरोबर आलं! मी हरखून गेले. मग परीक्षेच्या तयारीसाठी लावलेल्या क्लासमध्ये नवा पेपर दिला, तर गुण पूर्वीइतकेच कमी.

"ते जुने पेपर रद्दीत घाला आता," क्लासचे सर म्हणाले.

मला वाईट वाटण्यापेक्षा नवलच जास्त वाटलं. जुना उतारा इतका छान समजतो, मग नव्याला काय होतं?

भिंगारची एक मैत्रीण माझ्याबरोबर त्याच वॉर्डात होती आणि तीच परीक्षा देणार होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं माझा पेपर पुढ्यात ओढला. या परीक्षेत काही विधानं देतात आणि प्रत्येक विधान बरोबर, चूक की 'उताऱ्यात दिलेलं नाही' ते सांगायचं असतं.

"घुबड मुख्यतः उंदीर खातं," तिनं घुबडांवरच्या उताऱ्याखालचं विधान वाचलं.

"दिलेलं नाही," मी लगेच म्हणाले.

"का?"

उत्तर पाठ होतं, कारण ठाऊक नव्हतं.

"अगं, तू वाचत नाहीस, तुला नुसतं आठवतंय," ती म्हणाली. "आणि घुबड उंदीर खातंच की! आमच्या घरामागं रोज बघते मी."

"खातं. पण इथं लिहिलंय कुठं?"

आम्ही दोघींनी तो उतारा ओळीओळीनं धुंडाळला. पंखांबद्दल होतं, कानांबद्दल होतं, खाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. डब्यातली भाजी गार झाली, पण दोघींना भलतीच गंमत वाटायला लागली.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: उत्तर सांगायचं ते ओळीवर बोट ठेवूनच. पुढं आम्ही जुन्याच उताऱ्यांवर एकमेकींसाठी नवे प्रश्न काढायला लागलो. समोरचीला फसवायचं तर काय करावं, याचा विचार करताना पेपर काढणाऱ्याची युक्तीही कळली. तो उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा उचलतो आणि अर्थ तेवढा हळूच फिरवतो. मी एकदा 'काही' खोडून 'सगळे' केलं आणि ती सपशेल फसली!

याच दिवसांत वॉर्डात एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचे यजमान मला म्हणाले, "सिस्टर, डाक्टर म्हनले, हप्त्याभरात घरी सोडू. गाडी सांगून ठिवली मी."

राउंडला मी तिथंच उभी होते. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की हप्त्याभरानं पुन्हा तपासू. घरी सोडण्याबद्दल ते ना 'हो' म्हणाले होते, ना 'नाही'. एरवी मी "बरं, बाबा" म्हणून पुढं गेले असते. त्या दिवशी पाऊल अडलं.

"बाबा, सोडू असं म्हणाले का हो ते?"

ते गोंधळले. "मंग काय म्हनले?"

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि सगळं नीट समजावलं. अजून बरेच दिवस लागणार होते. बाबांचा चेहरा पडला, पण जाताना म्हणाले, "बरं झालं इचारलं. गाडीवाल्याला न्हाई म्हनून सांगतो."

परीक्षा पुण्याला झाली. वाचनाच्या पेपरात एक उतारा समुद्रातून नदीत येणाऱ्या माशांवर होता. तो इतका रंगला, की घड्याळाकडं बघायचं मध्येच राहून गेलं; शेवटचे प्रश्न धावतपळत सोडवले. तरी वाचनात हवे त्याहून जास्त गुण मिळाले. लेखनात मात्र कमी पडले, आणि ती परीक्षा पुन्हा द्यावी लागली. मैत्रीण पहिल्याच फटक्यात सुटली.

त्या पहिल्या परीक्षेहून परत येताना एसटीत मी मोबाईलवर ते मासेच शोधत बसले होते. एवढ्या पाण्यातून त्यांना आपली नदी ओळखू कशी येते? वासावरून, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "वास लक्षात कसा राहतो पण?" शिरूर मागं पडलं, तरी आम्ही तेच बोलत होतो.