माहेरच्या चिखलाला साजेसे टायर

टायर घेण्याआधी त्याची पत्रिका बघणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. टायरला कुठली आलीय पत्रिका, असं तुम्ही म्हणाल. असते हो. कडेला चार आकडे असतात, कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात तो जन्मला ते सांगणारे. भावोजी खिशातून भिंग काढून ते वाचतात, नखाने रबर दाबतात, हुंगतात आणि ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघतात. घरी विचारणार कोणाला? माझ्या जावेसमोर टायर म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

तसा स्वभावच. केरसुणी घ्यायची तरी दुकानात झाडून बघणार. एकदा दुकानदार शांतपणे म्हणाला, आता सुरुवात केलीच आहे तर मागची खोलीही घ्या. घर कसबा पेठेत, गल्लीत स्कूटरसुद्धा अंग चोरून शिरते. त्यामुळे हौसेने घेतलेली छोटी एसयूव्ही नदीकडच्या एका मोकळ्या जागेत उभी असते, आणि भावोजी रोज सकाळी फडकं घेऊन तिला भेटायला जातात.

टायरचं खूळ डोक्यात शिरलं ते गेल्या दिवाळीत. जावेला तिच्या मावशीने वाढवलं. मावशी आता नव्वदीच्या, पानशेतच्या पलीकडे एका वाडीत भाच्याकडे राहतात. आम्ही तिघं त्यांना भेटायला निघालो, तर शेवटी मैलभर तांबड्या मातीचा चढ. पाऊस होऊन गेलेला, चाकं जागच्या जागी गरगरली. जाऊ तर पदर खोचून खाली उतरलीही होती, चालत जाते म्हणून. पण गाडी चिखलात एकटी कशी सोडायची, म्हणून भावोजींनी तिला परत बसवलं आणि गाडी पुण्याकडे वळवली. मावशींची नजर दिवसेंदिवस जात होती. फोनवर एवढंच म्हणायच्या, “दिसतंय तोवर तोंड दाखवून जा गं.” आणि भावोजींनी घोषणा केली, चिखलातही चालणारे ऑल टेरेन टायर बसवल्याशिवाय त्या चढाला जायचं नाही. जाऊ म्हणाली, मी एसटीने जाते. तर घरात गाडी असताना बायको एसटीने गेली तर लोक काय म्हणतील, म्हणून दोन दिवस रुसून बसले.

मग दुकानं सुरू झाली. याची नक्षी फार उथळ, त्याची फार खोल, एकाची कडा त्यांना उद्धट वाटली. कळस म्हणजे त्यांनी मावशींच्या भाच्याकरवी त्या चढावरचा चिखल मागवला. डालड्याच्या जुन्या डब्यात तो पाणी घालून जिवंत ठेवला आणि डबा घेऊन थेट वाघोलीच्या एका दुकानात गेले, टायर त्यात दाबून बघायला. मी सोबत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखल कुठला ते ऐकून दुकानदार डब्याकडे बघत म्हणाला, “काका, चिखलसुद्धा माहेरचाच लागतो का?” भावोजींनी लक्ष दिलं नाही. भिंग लावून आकडे वाचले आणि म्हणाले, “हा जुना माल आहे.”

“पहिल्यांदा बघून गेलात तेव्हा नवा होता हो,” दुकानदार म्हणाला.

शेवटी दसऱ्याच्या आधी चार टायर बसले. भावोजींनी त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि आम्ही तिघं निघालो. वाडीचा फाटा आला आणि भावोजींनी गाडी थांबवली. चढावर काळाकुळकुळीत डांबरी रस्ता. मी मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून हसले. त्या गुळगुळीत रस्त्यावरून आमचे दांडगे टायर भुंग्यासारखे घूं घूं करत वर गेले.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. जाऊ पुढ्यात जाऊन बसली, तरी त्या तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या. मग चाचपडत हात तिच्या गालापर्यंत आला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बोटांनी बघून झाल्यावर म्हणाल्या, “बारीक झालीस गं.” भाचा आपला चहा देता देता सहज बोलून गेला, रस्ता होण्याआधीही दुधाचा टेम्पो रोज यायचा की वर, चांगले गुळगुळीत झालेले टायर त्याचे.

परतताना धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा भावोजी आरशात माझ्याकडे बघत म्हणाले, “वहिनी, दिवाळीत त्या दिवशी साध्या टायरवर पोचलो असतो का हो आपण?”

जन्म पुण्यात गेला माझा, उत्तर जिभेवरच होतं. पण आरशातले ते डोळे बघितले आणि गिळलं. म्हटलं, “नसतो पोचलो भावोजी. चिखल फार होता.”

जाऊ खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली, “हो. फारच होता.”