गाडेकर मॅडमची कॉम्प्युटर रूम

स्टाफरूममध्ये बावीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. बहुतेक दुसऱ्यांच्या फजितीचे. हे मात्र माझ्या जळफळाटाचे!

नव्वदचं दशक संपत आलेलं. नेवाशाजवळची आमची शाळा. मी विज्ञान शिकवायचो. गाडेकर मॅडम गणिताच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पुण्याचा कॉम्प्युटर कोर्स धरला. धडे फोनच्या तारेतून, ई-मेलने यायचे! हेडमास्तर म्हणाले, "मॅडम शिकतील, मग पोरांना शिकवतील. शाळेचा नवा कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात!"

मी म्हणालो, "अभिनंदन." रात्री जेवण गेलं नाही.

*

कॉम्प्युटरला खोली हवी. कोणती? प्रयोगशाळेला लागून असलेली, माझ्या बरण्यांची! बरणीतले साप, विंचू, बेडूक व्हरांड्यात आले.

प्रयोगशाळेत पंखा द्या म्हणून मी सहा वर्षं अर्ज करत होतो. कॉम्प्युटरला दोन दिवसांत मिळाला. मी शिपाई भिकामामांना म्हणालो, "मशीनला कशाला हो वारा?"

"सर, त्ये तापलं की बंद पडतं. तुमी तापला तरी शिकवताच की!"

*

मग माझी हातांची खुर्ची गेली. मॅडम म्हणाल्या, "सर, तासभर स्क्रीनपुढे बसून पाठ दुखते हो." दिली. मी बाकावर आलो.

आठवड्याने डोकावलो, तर मॅडम स्टुलावर! माझ्या खुर्चीत स्टॅबिलायझर बसलेला.

"खाली ठेवला तर उंदीर वायर कुरतडतात, सर."

*

संस्थेचे चेअरमन पाहायला आले. बूट काढले, हात जोडले आणि खोलीत शिरले. देवळात गेल्यासारखे!

बाहेर येताना व्हरांड्यात बेडकाची बरणी दिसली. म्हणाले, "हे लोणचं कुणाचं?"

*

शाळेत फोन एकच. धडा उतरत असला की लाइन एंगेज. नेमकं अशाच एका दिवशी माझ्या मुलीला बघायला येणारे लोक फोन करणार होते. तीनदा केला, तिन्हीदा एंगेज! मी हवालदिल.

संध्याकाळी ते घरी आले. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "तुमच्या शाळेचा कारभार लई मोठा दिसतो!"

सोयरीक जमली. मॅडमचे आभार मानावे लागले, त्याचाच जास्त राग आला.

*

शेवटी मी मॅडमविरुद्ध लेखी तक्रार केली. 'शाळेच्या फोनचा बेजबाबदार वापर'. चांगली तीन पानं! हेडमास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"सर, तुमचं अक्षर मला कधीच लागलं नाही. टाइप करून आणा."

क्लार्कचा टाइपरायटर बिघडलेला. दोन दिवस मी कागद खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या दारात उभा राहिलो.

"जरा एक टाइप करायचं होतं..."

मॅडमनी तिन्ही पानं शांतपणे वाचली. टाइप करायला लागल्या. मी भिंतीकडे बघत उभा. मध्येच त्या थांबल्या.

"सर, 'बेजबाबदार'मध्ये 'बे'वर एकच मात्रा. तुम्ही दोन दिल्यात. दुरुस्त करते."

प्रिंटर करकरला. मॅडमनी कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या अलगद फाडल्या, पानं टाचणीने नीट लावली आणि माझ्या हातात दिली.

"दोन प्रती काढल्यात, सर. एक मला लागेलच ना?"