पिठातलं पाऊल

"मांजर! माह्या भावाचं मांजर झालं!" मोठेबाबा ओरडत होते. बाबांचे थोरले भाऊ. आवाज असा, की ते देऊळघाटात खोकले तर धाडच्या बाजारात बैल दावं तोडत. एका हातात टोपली, पायाशी चाळलेलं पीठ आणि पिठात चार गोल पावलं.

आमच्याकडे माणूस ज्या जागी जातो तिथं दहाव्या रात्री पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी त्यात ज्याचं पाऊल, त्याच्या पोटी पुढचा जन्म. बाबांना जाऊन दहा दिवस झाले होते आणि दहाही दिवस माय एकच विचारत होती, "कुठं गेले असतीन हो?" पिठात माणसाचं पाऊल उमटेल, एवढ्या आशेवर ती दोन घास गिळत होती.

"देवाले कधी हात नाही जोडले त्यानं," मोठेबाबा सोयऱ्यांना सांगत सुटले. "भोग म्हना आता! खाय उंदरं!"

माझं डोकं असं तापलं, की त्यावर भाकर भाजली असती. बाबा देवळाची पायरी चढले नाहीत, खरं. पण ह्याच मोठेबाबांना साप चावला तेव्हा बाबांनी त्यांना पाठुंगळीला मारून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मी सांगताना आणखी पुढं, पार मोताळ्यापर्यंत नेतो.

"मेल्यावर काही नसते मोठेबाबा!" मी ओरडलो. "टोपलीची कड कोनं उचलली ते पाहा आधी!"

तेवढ्यात कणगीमागून आमचीच काळी मांजर निघाली. पुढचे पंजे पांढरेफेक, नाकाला पीठ. एक सोयरा फिसकन हसला. मोठेबाबांनी माझ्या मुस्काटात दिली.

"बापाले मांजर म्हनतं काय बे?"

"मी म्हनलं? तुमीच तं म्हनलं!"

मी काठी उचलली. मांजरीचा पुढचाच काय, मागचा जन्मही झोडून काढणार होतो. मायनं येऊन काठी धरली. मोठेबाबांकडे नुसतं पाहिलं. ते टोपली टाकून निघून गेले, मागोमाग सोयरेही पांगले.

दुपारपर्यंत मी धुमसतच होतो. पाहतो तर माय कणगीपाशी बसून वाटीत दूध ओतते आहे आणि मांजर तिच्या लुगड्याला अंग घासते आहे.

"तुलेबी पटलं काय ते, माय? काऊन पाजून राह्यली तिले?"

मायनं वाटी पुढं सरकवली.

"त्याईच्या चहाचं उरते न आता."