निळी ताडपत्री

आमचा उमाकांत एका डोळ्याने नदी बघतो आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक, असं मी त्याच्या तोंडावर म्हणत आलोय. चामराजपेटेत माझं चित्रांना चौकटी बसवायचं दुकान आहे, त्यामुळे त्याची सगळी चित्रं माझ्या हाताखालून गेलेली. दर रविवारी पहिल्या बसने तो अर्कावती नदीच्या काठी जायचा. तोच पूल, तेच वळण, तेच चिंचेचं झाड. तरी चित्रं खपायची. भिंतीवरच्या नदीला वास येत नाही ना!

त्या चिंचेखाली चंद्राबाईचं झोपडं होतं. बाई मूळची निपाणीकडची, नवरा गेल्यावर शेळ्या पाळून राहिलेली. उमाकांतचं चित्राचं स्टँड ती आठवडाभर घरात सांभाळायची, तो आला की ताक द्यायची. त्याने मात्र ते झोपडं चित्रात कधीच काढलं नाही. छपरावरची निळी ताडपत्री डोळ्यांत खुपते म्हणायचा आणि त्या जागी झुडपं रंगवायचा. शेळ्या तेवढ्या घ्यायचा. शेळ्या शोभतात.

गेल्या वर्षी काठ मोकळा करायचा हुकूम निघाला आणि झोपडं गेलं. जुन्या रहिवाशांना दुसरीकडे घर मिळणार होतं, पण पुरावा हवा होता. चंद्राबाईचे कागद कधीच पावसात भिजून गेलेले. ती उमाकांतला शोधत माझ्या दुकानात आली, तेव्हा तो तिथेच होता.

“अण्णा, इतकी वर्षं चित्रं काढलाय की तुम्ही. खाली तारीख पण घालताय. आमचं घर असलेलं एक द्या.”

उमाकांत उगाच चित्रं उलटीपालटी करत राहिला. तिनेच एकावर बोट ठेवलं.

“ही आमची गौरी!” शेळी होती ती. “आणि घर?”

मी एरवी थट्टेखोर माणूस, पण मी चौकटीला खिळे ठोकायला घेतले.

“अक्का, मी स्वतः येतो साक्षीला,” उमाकांत कसाबसा म्हणाला. ती गेल्यावर त्याने डोकं धरलं. “तिचं ताक प्यालो आणि तिलाच पुसलं रे मी.”

कचेरीत मीही गेलो होतो. उमाकांतने सगळं शपथेवर सांगितलं. चंद्राबाईने गौरीचं चित्र पुढे केलं, निदान शेळी तरी आपली म्हणून. साहेबाने ते उजेडात धरलं.

“तुम्हीच काढलंय? तिथे बसून?” त्याने कन्नडात विचारलं.

“हो.”

“मग यात घर कुठे आहे?”

उमाकांतची मान खाली गेली ती वर येईना. शेवटी चंद्राबाईच पुढे झाली.

“त्यांना बोल लावू नका साहेब. आमचं घर स्वल्प लहानच होतं. लांबून दिसलं नसेल त्यांना.”