सिहोऱ्याचा खाना

मी शिकलो चार इयत्ता. पण जबलपुरात बड्या फुहाऱ्याजवळच्या आमच्या कापडाच्या ठोक दुकानात वहीचे रकाने आखावेत ते मीच. लाल पेन्सिल, लाकडी पट्टी, आणि रेघ अशी की बघणाराच वाकडा वाटावा.

मग मालकाच्या सुनेने कॉम्प्युटर आणला. त्यातला रिपोर्ट मोठा गमतीचा. ‘सूती’ शब्दाच्या पुढे बेरजेची खूण, ती दाबली की पोटातून धोतर, चादर, लुगडं बाहेर. धोतर दाबलं की त्याचेही प्रकार, आणि शेजारी गावागावाचे रकाने. मी म्हटलं, हे तर बाळंतपण आहे. मालक हसले नाहीत.

"दादा, सोमवार की मीटिंग में ये आप चलाओगे. नहीं चला, तो घर पर आराम करो."

घरी आराम करणारे म्हातारे मी पाहिले होते. दुपारी मेथी निवडत बसतात. मी आणि मेथी? शक्यच नाही.

मीटिंग सिहोरा आणि पाटनच्या व्यापाऱ्यांची. रिपोर्ट भिंतीवर मोठा दिसणार होता, आणि आधी जेवण. त्याचा बंदोबस्तही माझ्याकडेच. बहूजी त्या दिवशी माहेरी. सकाळीच त्यांचा फोन आला.

"काका, सिहोरा का खाना छोटा पड़ रहा है, बड़ा कर देना. और पाटन का खाना छुपा देना, मीटिंग में किसी को दिखे नहीं."

हिंदीत रकान्याला पण खाना म्हणतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? उभा जन्म जबलपुरात गेला. पण समोर हलवाई पुऱ्या तळून राहिला होता. अशा वेळी कानात दुसरं काय शिरणार? सिहोऱ्याच्या पुऱ्या मी दुप्पट केल्या. पाटनचे डबे चादरींच्या गठ्ठ्यामागे लपवले. एवढ्या मोठ्या घरच्या सुनेला असा दुजाभाव काहून सुचला असेल, असं मनात आलं. पण मालकाच्या घरच्या गोष्टीत मी बोलत नाही.

दुपारी सिहोरावाले ढेकर देऊन राहिले आणि पाटनवाले रिकाम्या पत्रावळीकडे बघून राहिले. "अभी आ रहा है, भैया," असं म्हणून मी त्यांना दोनदा खाली बसवलं. तेवढ्यात मालकांनी रिपोर्ट लावायला सांगितला.

मी ऐटीत ‘सूती’ उघडलं. सिहोऱ्याच्या चिंचोळ्या रकान्यात एक आकडा मावलेला नाही, नुसती आडव्या-उभ्या रेघांची जाळी.

"दादा, हमने तो धोती मँगाई थी," सिहोरावाला म्हणाला. "ये मच्छरदानी कब भेज दी?"

शेजारी पाटनचा रकाना मात्र ठळक. त्यांच्या दुकानात पडून विटलेला, उसवलेला आणि परत आलेला सगळा माल चारचौघांत उघडा. पाटनवाला ताडकन उठला.

"वाह जी! खाना दिया नहीं, और खोट दिखा दी!"

मालक माझ्याकडे असे बघून राहिले की मला मेथीची जुडी दिसू लागली.

मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "बहूजी, कौन सा खाना?"

मी काय केलं ते ऐकून त्या इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. शेवटी म्हणाल्या, "काका, सिहोरा के खाने की लकीर पकड़ो और खींचो!"

लकीर! आता माझ्या घरची गोष्ट आली. बाण रेघेवर ठेवला आणि जन्मभराच्या जोराने ओढली. जाळी गेली, आकडे आले. पण रकाना थांबेना. वाढत वाढत त्याने सगळी भिंत व्यापली आणि पाटनला भिंतीबाहेर ढकलून दिलं.

"अब हम कहाँ गए?" पाटनवाला ओरडला.

"जीमने," मी म्हणालो, आणि गठ्ठ्यामागचे डबे त्याच्यापुढे मांडले.

आधी सिहोरावाले हसले, मग तोंडात पुरी असलेला पाटनवालाही. मालकांनी कपाळावर हात ठेवला. "दादा, अब इसको कोई हाथ न लगाए. आप यहीं बैठकर पहरा दो. और आप भी मत लगाना."

बसलो. पुढे कित्येक वर्षं तिथेच बसलो.

लोक अजून म्हणतात, त्या दिवशी मी चुकलो. काहून? बहूजींनी कामं सांगितली दोन. ताटातली दोन, भिंतीवरची दोन, मी चार करून दिली.