ओट्यावाल्या मॅडम

आमच्या इंग्रजीच्या मॅडम फळ्यावर फारसं लिहीतच नसत. बाळापूरच्या आमच्या आठवीच्या वर्गात फळ्याखाली वीतभर उंच ओटा होता, त्यावर त्या पोरांना चढवत. सगळी शाळा त्यांना ओट्यावाल्या मॅडम म्हणायची.

'ही', 'शी', 'दे' ओट्यावर. 'हिम', 'हर', 'देम' खाली फरशीवर. "जो काम करतो तो वर, ज्याच्यावर काम होतं तो खाली," एवढंच त्यांचं व्याकरण. इंग्रजी म्हटलं की घाम फुटणारी आम्ही पोरं आठवड्याभरात वाक्यं करू लागलो. प्रत्येक वाक्यानंतर त्या टाळी वाजवत. "बदला जागा. इथं जन्मभर खाली कुणी बसत न्हाई."

एके दिवशी 'शी' म्हणून भीमनगरातली आशा ओट्यावर उभी राहिली. 'हिम' होता संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो बसेना.

"मी काहून बसू हिच्या पायाशी?"

"हे वाक्य तिचं, पुढचं तुझं. बस," मॅडम म्हणाल्या.

त्यानं दप्तर उचललं आणि घर गाठलं. त्या उर्मट पोराचा मला आजही संताप येतो. त्याला लाडावून ठेवणाऱ्या घराचा त्याहून जास्त.

मॅडम कायम नव्हत्या, तासांप्रमाणे पैसे मिळणाऱ्या तासिकेवर होत्या. त्यांना काढायला अध्यक्षांना एक तक्रारअर्ज पुरे होता, आणि तो विद्यार्थ्यांकडूनच हवा होता. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, कारण वर्गात माझं अक्षर चांगलं. 'मॅडमनी शिकवलेलं आम्हाला समजत नाही,' त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पुढच्या वर्षी तुकडी अ हवी की नको, असं त्यांनी हसत विचारलं होतं. साऱ्या वर्गानं सह्या केल्या. आशानं केली नाही.

शनिवारी मॅडम पिशवी घेऊन वसमतच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. मी समोरून चाललो होतो, त्यांनी हाक मारली. अर्ज त्यांना दाखवला होता. माझ्या वह्यांतले मराठी अर्थ त्यांनीच तपासलेले, अक्षर कसं ओळखणार नाहीत?

"लेकरा, तुला बी समजत नव्हतं का रे?"

सगळं समजत होतं. मी मान हलवली आणि म्हणालो, "न्हाई मॅडम."

अध्यक्षांवर, मुख्याध्यापकांवर मी चिडतो ते ठीकच आहे. पण ते 'न्हाई' मला कुणीच सांगितलं नव्हतं.